स्लॅशडॉट: खरा माल खाली आहे

सर्व्हर सांभाळायच्या नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या सरांनी मला स्लॅशडॉट ही तंत्रज्ञानाच्या बातम्यांची आणि त्यांवरच्या चर्चेची साइट उघडून दाखवली. म्हणाले, "बातमी नुसती चाळ. खरा माल खाली आहे." ही २००३ची गोष्ट. आजही माझा दिवस तिथूनच सुरू होतो. बरोबरचे बहुतेक जण कधीच दुसरीकडे गेले. तू अजून तिथे काय करतेस, असं ते विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

रॉब माल्डाने १९९७ मध्ये अमेरिकेत, मिशिगनला कॉलेजात असताना हे सुरू केलं. नाव मुद्दामच असं घेतलं की पत्ता मोठ्याने वाचताना (स्लॅश-स्लॅश-स्लॅशडॉट-डॉट-ऑर्ग) जीभ अडखळावी. रचना साधी आहे: दुसरीकडची बातमी, तिचा चार ओळींचा सारांश आणि खाली चर्चा. एके काळी इथे दुवा लागला की वाचकांच्या लोंढ्याने छोट्या साइट कोलमडायच्या. त्याला 'स्लॅशडॉट इफेक्ट' असं नावच पडलं होतं.

मला बांधून ठेवलं ते इथल्या मॉडरेशनने, म्हणजे प्रतिक्रियांची निवड करण्याच्या पद्धतीने. प्रत्येक प्रतिक्रियेला उणे १ ते ५ असे गुण असतात. निनावी माणसाची सुरुवात शून्यावर, खातं असलेल्याची एकवर. गुण द्यायला पगारी माणसं बसवलेली नाहीत. नेहमीच्या वाचकांपैकीच कुणाला तरी अधूनमधून थोडे गुण हातात मिळतात आणि तीन दिवसांत ते वापरायचे असतात. नुसतं वर-खाली ढकलून चालत नाही, कारणही निवडावं लागतं: माहितीपूर्ण, मार्मिक, गमतीदार, विषयांतर, आग लावणारं. आणि ज्या चर्चेत तुम्ही गुण दिलेत तिथे स्वतः लिहिलंत, तर दिलेले गुण रद्द!

हा शेवटचा नियम मला फार आवडतो. पहिल्यांदा पाच गुण मिळाले तेव्हा फाइल सिस्टिमवरची एक चर्चा समोर होती. एकाने ठाम, पण चुकीचं काहीतरी लिहिलं होतं. उत्तर द्यायला बोटं शिवशिवत होती. पण त्याच चर्चेत खाली, शून्यावर पडलेल्या एका निनावी माणसाने माझ्यापेक्षा कितीतरी नीट उत्तर दिलेलं दिसलं. मी गप्प बसले आणि त्याला गुण दिला. जिंकण्यापेक्षा बरोबर उत्तर वर येणं महत्त्वाचं, हे मी तिथे शिकले.

असंच एक निनावी उत्तर माझ्या कामी आलं. विषय रेडचा होता, म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतीचा. एका लॉटमधल्या डिस्क एकदम घेतल्या तर त्या सारख्याच तास चालतात आणि बरोबरच म्हाताऱ्या होतात, असं त्याने लिहिलं होतं. एक गेली की रिबिल्डसाठी, म्हणजे तिच्यावरचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभा करण्यासाठी, उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, आणि नेमक्या त्या ताणात दुसरी जाते. पुढच्या खरेदीला मी हट्टाने दोन वेगळ्या लॉटमधल्या डिस्क मागवल्या आणि एकच डिस्क गेलेली सोसणाऱ्या रेड-५ऐवजी दोन गेलेल्या सोसणारं रेड-६ लावलं. दोनेक वर्षांनी एक डिस्क गेली आणि रिबिल्ड चालू असताना पहाटे दुसरीही गेली. डेटा शाबूत राहिला. त्या माणसाचं नाव मला कधीच कळणार नाही.

जुनं पुसून टाकत नाहीत, हेही मोठं. २००१ मध्ये आयपॉड आला तेव्हा खुद्द माल्डाने त्याला वायरलेस नाही, जागा कमी, असं म्हणून मोडीत काढलं होतं. ते मत आजही जिथल्या तिथे आहे. कोण बरोबर ठरलं, कोण चुकलं, हे वीस वर्षांनी पडताळून बघता येणं मला मोलाचं वाटतं.

उणिवा आहेतच. तीच बातमी दोनदा लागणं हे इथलं फार जुनं दुखणं. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकावर नीट दाखवणाऱ्या पद्धतीच्या, बाबतीत तर साइट कायम मागे राहिली. वळणदार अवतरणचिन्हांचीसुद्धा चित्रविचित्र भेळ व्हायची, तिथे देवनागरीचं काय घेऊन बसलात! तंत्रज्ञानाला वाहिलेल्या जागेला हे शोभत नाही. माल्डा २०११ मध्ये बाहेर पडला, नंतर मालक बदलत गेले. २०१४ मध्ये 'बीटा' नावाची नवी मांडणी पुढे आली तेव्हा वाचकांनी आठवडाभराचा बहिष्कार पुकारला, आणि त्यातल्या काहींनी सॉइलेंटन्यूज ही याच धर्तीची वेगळी साइट उभी केली. आता गर्दीही पूर्वीची नाही. पूर्वी शेकड्यांनी पडणाऱ्या प्रतिक्रिया आज पुष्कळ बातम्यांवर काही डझनांवर थांबतात.

तरी नव्याने येणाऱ्याला सांगेन, खातं काढा आणि दिसण्याचा उंबरठा ३वर ठेवा, म्हणजे त्याहून कमी गुणांच्या प्रतिक्रिया पूर्ण उघडणार नाहीत. आपल्या रोजच्या कामाशी निगडित एखादी चर्चा मात्र पूर्ण खाली, उणे १पर्यंत उघडा. कचरा पुष्कळ दिसेल, मी नाकारत नाही. पण शून्यावर अडकलेलं, अजून कुणाच्या नजरेला न पडलेलं एखादं उत्तर तिथेच असतं. मी अजूनही आधी तेच शोधते.