हळदीचा डाग काढायला ऊन, पावडर की ब्लीच?

मिसळीचा कट शर्टावर सांडला की आपला हात आधी साबणाच्या वडीकडे जातो, आणि बघता बघता पिवळा डाग लालभडक होतो. भावाच्या हळदीच्या दिवशी बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर हे पाहून मी घाबरले होते. वाटलं, दुसऱ्याच कपड्याचा रंग लागला. पण हळदीत चुना घालून कुंकू करतात, तेच इथं घडतं. हळदीतलं कुर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं रंगद्रव्य, अल्कली (चुन्यासारखा, आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) लागली की लाल होतं, आणि वडीत अल्कली असतेच. पाण्यात चांगलं खळबळलं की पुन्हा पिवळं. म्हणजे डाग वाढलेला नसतो, पण गेलेलाही नसतो.

कुर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे कट, रस्सा, लोणचं असलं तर आधी तेल काढा. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब डागावर बोटाने चोळायचे, 10 मिनिटं ठेवून धुवायचं. मग पुढचं ठरवायचं.

पांढरा सुती कपडा असेल तर माझं पहिलं मत उन्हाला. कुर्क्युमिन उजेडात टिकत नाही. धुतलेला कपडा ओलाच, डागाची बाजू सूर्याकडे करून दोरीवर टाका. मे महिन्यातल्या कडक उन्हात दुपारपर्यंत डाग फिका झालेला दिसतो. जुना असेल तर दोन-तीन दिवस हेच करावं लागतं. बाबांचा सदरा असाच निघाला, एक पैसा खर्च न होता. आमरसाचा केशरी डागही उन्हात उडतो. अडचण दोनच. रंगीत कपड्याचा स्वतःचा रंगही विटतो, आणि पावसाळ्यात किंवा ऊन न येणाऱ्या गॅलरीत या उपायाचा उपयोग नाही.

तिथे ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर घ्या. पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलंय का ते बघा. पाण्यात पडल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि तेच रंग मोडतं. गार पाण्यात ती फार सावकाश चालते, म्हणून पाणी 40 अंशांच्या आसपास, हात बुडवता येईल इतकं गरम हवं. तासभर भिजवा, डाग हट्टी असला तर आणखी. रंगीत सुती आणि पॉलिस्टरला ती बहुतेक वेळा मानवते, तरी आधी आतल्या शिवणीवर लावून बघा. चहाच्या डागालाही हीच, फक्त चहा सांडल्या सांडल्या गार पाण्याखाली धरायला विसरू नका.

क्लोरीनचं ब्लीच सगळ्यात झटपट. पण ते फक्त पांढऱ्या सुतीसाठी, पाण्यात पातळ करून. रंगीत कपड्यावर त्याचा पांढरा चट्टा पडतो आणि तो कायमचा. वारंवार वापरलं तर सुती कापडही विरतं. मी ते टेबलक्लॉथ आणि चादरींपुरतंच ठेवलंय. आणि कृपा करून त्यात लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. नुसतं लिंबू चोळलं तर लाल झालेला डाग पिवळा होतो, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. डाग मात्र तिथेच असतो.

तिन्हींपैकी काहीही निवडा, डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका. उष्णतेने तो पक्का बसतो.

पैठणी, रेशीम, लोकर यांना मात्र यातलं काहीच लावू नका. क्लोरीन रेशमाचा धागाच खातं, आणि पावडरीतली अल्कलीही त्याला सोसत नाही. कोरड्या सुती फडक्याने न चोळता टिपून घ्या, त्याच दिवशी ड्रायक्लीनिंगला द्या आणि डाग कशाचा, कधीचा ते पावतीवर लिहून घ्या.