मराठी विश्वकोश (संकेतस्थळ): आपल्याच कराचा माल

मी सांगलीत करसल्लागार आहे, त्यामुळे सरकारी पैसा कुठे मुरतो हे बघायची खोडच. विश्वकोश फुकट वाचायला मिळतो म्हणतात. फुकट कसला, आधीच भरलाय की आपण!

पण माल अस्सल. दुपारी अशील येईपर्यंत मी नोंदी उघडून बसतो. ‘गूळ’ शोधायला जावं आणि तासाभराने गुरुत्वाकर्षणात सापडावं. भाषा जड, जुन्या खंडांतले आकडे त्या काळचे. आजचे आकडे हवे असतील तर इथे येऊ नका.

हे उभं राहिलं ते माणसांच्या निवडीमुळे. 1960 साली यशवंतराव चव्हाणांनी साहित्य संस्कृती मंडळ काढलं आणि अध्यक्षपदी बसवले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. मंडळाने हाती घेतलेल्या कोशाचा पहिला खंड यायला 1976 उजाडलं. एवढी वर्षं धीर धरणं राजकारण्याला सोपं नसतं, हो!

आणि त्याच यशवंतरावांच्या नावाच्या राज्य वाङ्मय पुरस्काराचं डिसेंबर 2022 मध्ये काय झालं? माओवादी असल्याच्या आरोपावरून तुरुंगात राहिलेल्या कोबाद गांधींच्या आत्मकथनाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला पुरस्कार जाहीर केला, आठवड्याच्या आत शासन निर्णय काढून रद्द केला, वर निवड समितीही बरखास्त! पुस्तक आवडो न आवडो, परीक्षक सरकारनेच नेमले होते ना? आमच्या धंद्यात ऑडिटर नेमून त्याचा अहवाल असा फाडता येत नाही.

कोशाला पाचपैकी चार तारे. पुरस्काराला एक, तोही परीक्षकांसाठी.