रविवारचे ट्रेक ग्रुप : पैसे नेमके कशाचे?

पुण्या-मुंबईहून दर रविवारी निघणाऱ्या ट्रेक ग्रुपांच्या जाहिराती एकाच साच्यातल्या असतात. ढगातला फोटो, 'सोपा ते मध्यम' अशी श्रेणी आणि साधारण हजार-बाराशे रुपये. त्यात प्रवास, चहा-पोहे, गावातल्या घरी पिठलं-भाकरी आणि 'अनुभवी लीडर'. पोहे सगळीकडे सारखेच. पारखायचा तो लीडर.

राजगडाचंच घ्या. नवख्यांनाही बरेच ग्रुप पायथ्याच्या गुंजवणे गावातून चोरदरवाजाने चढवतात, कारण ती वाट जवळची. शेवटचा टप्पा मात्र उभ्या कातळाचा, रेलिंग धरून एकेकाने चढायचा. प्रत्येकाला अर्धं मिनिट धरा; पन्नास जणांच्या बसला 25 मिनिटं तिथेच जातात, आणि वरून उतरणारे समोर आले की हिशोबच सुटतो. त्यात पिकअपला तासभर उशीर झालेला असला तर माणसं ऐन उन्हात चढतात आणि अंधारात उतरतात. पाली दरवाजाची वाट लांब पडते, पण पायऱ्यांची आहे. नवख्यांना तिकडून नेणारा ग्रुप आमच्या हिशोबात सरस.

दहा-बारा जणांमागे एक लीडर, आणि शिवाय शेवटच्या भिडूच्याही मागे चालणारा एक जण, एवढं हवंच. फोनवर सरळ विचारा, "मागे कोण असतं?" नाव आणि अनुभव सांगितला तर ठीक. "सगळे एकत्रच असतात हो," असं उत्तर आलं तर दुसरा ग्रुप बघा. दमलेला माणूस मागे पडतो, फाट्यावर चुकीची वाट धरतो आणि तिथे नेमकी रेंज नसते. उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स केलेला लीडर असेल तर उत्तम. पण प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि त्या वाटेची त्याच मोसमातली माहिती त्याहून महत्त्वाची. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, तेव्हा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका.

तुम्ही त्यांना पारखता तसं त्यांनीही तुम्हाला पारखायला हवं. दमा, बीपी, गुडघे, रक्तगट, घरचा नंबर यांतलं काहीही न विचारता आधी क्यूआर कोड पाठवणाऱ्यांना फक्त सीट भरायची असते.

नाशिककडचा हरिहर गड हल्ली 'थरार' म्हणून विकला जातो. त्या कोरीव पायऱ्या चढताना सोप्या वाटतात. खरी पंचाईत उतरताना होते. तोंड कातळाकडे, दोन हात-दोन पायांपैकी तीन कायम पक्के, सॅक पाठीला घट्ट. हे पायथ्याशीच करून दाखवणारा लीडर असेल तर जा. 'वर गेल्यावर बघू' म्हणणाऱ्याबरोबर पावसाळ्यात तर नकोच.

सूचनांच्या यादीवरूनही ग्रुप कळतो. तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं हवीतच. घामावाटे मीठ जातं, वर नुसतं पाणी ढोसलं की उतरताना पायात गोळे येतात. बुटांचा ब्रँड दुय्यम, खाचांचा मऊ रबरी सोल मुख्य. सोल झिजला की शेवाळावर पाय ठरत नाही. पाऊस सरल्यावर हाच त्रास मुरमाड घसारा (सुट्या खडीचा उतार) देतो. माचीवरच्या वाऱ्यात पोंचो फडफडून फाटतो, विंडचीटर बरा. राजगडाच्या नेढ्याकडे (कातळातल्या आरपार भोकाकडे) आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर आणि आरडाओरडा बंद, ही सूचना यादीत नसेल तर यादी दुसऱ्या कुठून तरी उचललेली समजा. (स्पीकर आणणाऱ्याला बसमध्येच बसवून ठेवणारे ग्रुप आहेत, त्यांना आमचा मुजरा.)

जुन्या गिर्यारोहण संस्थांचा मार्ग वेगळा. तिथे वर्षाची वर्गणी, ट्रेकचा खर्च काँट्री काढून, प्रसंगी एसटीने प्रवास. नवख्याला आधी एखाद्या सोप्या गडावर नेऊन त्याची चाल बघतात, मग पुढचं. फोटोग्राफर मिळत नाही, भांडी घासायला लागतात. नियमित जायचं असेल तर हेच स्वस्त आणि भरवशाचं; वर्षातून एकदा हौस म्हणून जाणाऱ्याला पैसे भरून जाणं सोयीचं.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी मेसेजवर लेखी घ्या. अपघात विमा आहे का, आणि पावसामुळे ट्रेक रद्द झाला तर पैसे परत मिळतील की नुसती पुढची तारीख.