ग्राइंडिंगचे पैसे घेतले आणि नुसता झाडू मारला

भोसरीत माझा छोटा कारखाना आहे. त्यातल्या असेंब्लीच्या हजार चौरस फूट कोब्यावर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एपॉक्सी (ओतल्यावर कडक होणारा राळेचा थर) करून घेतलं. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: डायमंड ग्राइंडिंग (हिऱ्याच्या दाण्यांच्या मशिनने जमीन घासणं), प्रायमर, वर २ मिमी सेल्फ लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणारा) थर, दर ९० रुपये चौरस फूट. ठेकेदाराकडे किल्ली देऊन मी गावी गेलो. परत आलो तर जमीन आरशासारखी चकचकत होती. उरलेले पैसे त्याच दिवशी चुकते केले.

अडीच महिन्यांत ट्रॉलीच्या चाकाखाली पापुद्रे सुटू लागले. एक तुकडा उलटा करून पाहिला, तर खाली सिमेंटची राखाडी पूड चिकटलेली. काँक्रीट ओतल्यावर वर जी कच्ची साय येते तीच ही. ग्राइंडरने ती खरवडून काढली नाही, तर एपॉक्सी काँक्रीटला नाही, त्या सायीलाच चिकटतं. जिथे पूर्वी ऑइलची पिंपं असायची, तिथे तर अख्खा थर हाताने निघाला.

शेजारच्या वॉचमनने मग सांगितलं, "साहेब, मशिनचा आवाज आलाच नाही. अ‍ॅसिड ओतलं, पाणी मारलं, झाडू फिरवला." अ‍ॅसिडने तेल निघत नाही, उलट त्या पाण्याने कोबा आणखी भिजला.

तुकड्याला व्हर्नियर लावला: ०.६ मिमी. हजार चौरस फुटांवर २ मिमीचा थर द्यायचा तर साधारण १८५ लिटर माल लागतो. मागच्या अंगणात २० लिटरचे तीनच रिकामे डबे होते. हा हिशेब मी आधी केला असता तर डबे मोजूनच पैसे दिले असते. तुम्ही तरी मोजा, आणि ग्राइंडिंग चालू असताना स्वतः तिथे थांबा. फोन केला तर ठेकेदार म्हणाला, "तुमची चाकंच खराब आहेत." त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

आता दुसऱ्या माणसाने सगळं खरवडून काढलंय. घासलेल्या काँक्रीटवर पाण्याचे थेंब टाकून ते मुरतात का ते त्याने मला दाखवलं; मुरले म्हणजे माल धरायला काँक्रीट उघडं झालं. मग दीड फुटाचे प्लास्टिकचे चौकोन चारही कडांनी टेप लावून रात्रभर ठेवले. सकाळी मोरीकडच्या कोपऱ्यात प्लास्टिकखाली दव धरलं होतं, म्हणजे काँक्रीटमध्ये अजून ओल होती. तेवढ्या भागावर माल टाकायला त्याने साफ नकार दिला. तो कोपरा अजून उघडाच आहे.