घरचा पैसा जंगलासाठी आणि हक्कांसाठी: जमीन, पुरस्कार की अनुदान?

कंपनी विकली, वडिलोपार्जित जागेचा चांगला मोबदला आला, किंवा आयुष्यभराची बचत मुलांच्या गरजेपेक्षा जास्त निघाली, की घरात एक विषय निघतोच: आईबाबांच्या नावाने काहीतरी करू या. बहुतेक वेळा तो शाळेची खोली, शिष्यवृत्ती किंवा रुग्णालयातलं एखादं यंत्र इथे येऊन थांबतो. त्यात वावगं काही नाही. ज्या कुटुंबांना पर्यावरण आणि मानवी हक्क यांच्यासाठी पैसा द्यायचा आहे आणि तो कोणत्या वाटेने द्यावा हे ठरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या कामाला घरच्या पैशाची जेवढी गरज आहे, तेवढी दुसऱ्या कुठल्याही कामाला नसेल. कंपन्यांचा सीएसआरचा (कायद्याने समाजकार्यासाठी काढायचा) पैसा कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीनुसार खर्च होतो. त्या यादीत पर्यावरण आहे, शिक्षण आहे, ग्रामविकास आहे; ‘मानवी हक्क’ असे शब्द मात्र नाहीत. म्हणून डोंगरावर रोपं लावायला पैसा उभा राहतो, पण त्याच डोंगरावर गावाचा हक्क सिद्ध करण्यासाठी कुणी सहसा खिशात हात घालत नाही. कुटुंबाला भागधारकांची परवानगी लागत नाही. १९०९ साली जमशेटजींचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधल्या गांधीजींच्या सत्याग्रहाला २५ हजार रुपये पाठवले आणि पुढच्या काही वर्षांत ही मदत सव्वा लाखापर्यंत नेली. कुठल्याही कंपनीच्या संचालक मंडळाने त्या काळी असा ठराव केला असता, असं मला वाटत नाही.

वाटा मुख्यतः तीन आहेत आणि तिन्ही कुटुंबांनी चालून पाहिलेल्या आहेत.

जमीन विकत घेऊन राखणं

याचं सर्वांत मोठं उदाहरण दक्षिण अमेरिकेत आहे. ‘द नॉर्थ फेस’ आणि ‘एस्प्री’ या कंपन्यांचे सहसंस्थापक डग्लस टॉम्पकिन्स धंदा सोडून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चिलीत गेले आणि त्यांनी जंगलं विकत घ्यायला सुरुवात केली. ‘पॅटागोनिया’ कंपनीच्या माजी प्रमुख क्रिस मॅकडिव्हिट पुढे त्यांच्या पत्नी झाल्या आणि हे काम दोघांचं झालं. २०१५ मध्ये कयाक उलटून टॉम्पकिन्स गेले, तरी क्रिस यांनी काम थांबवलं नाही. २०१८ च्या जानेवारीत त्यांनी चिली सरकारशी करार केला: त्यांच्याकडची सुमारे १० लाख एकर जमीन राष्ट्राला, आणि सरकारने आपली सुमारे ९० लाख एकर त्यात घालायची. त्यातून पाच नवी राष्ट्रीय उद्यानं झाली आणि तीन विस्तारली. एका घराच्या पैशाने याहून मोठं काम झाल्याचं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पण याच कामाची दुसरी बाजूही आहे. टॉम्पकिन्स यांनी चिलीत घेतलेल्या पुमालीन या जंगलाचा पट्टा समुद्रापासून अर्जेंटिनाच्या सीमेपर्यंत जात होता, त्यामुळे हा परदेशी माणूस देशाचे दोन तुकडे करायला निघालाय, असा आरोप अनेक वर्षं झाला. २००४ मध्ये चाकाबुको खोऱ्यातलं मोठं कुरण घेतल्यावर मेंढ्या विकल्या गेल्या, कुंपणं काढली गेली. वन्यप्राण्यांना रान मोकळं झालं, आणि ज्यांची पिढ्यान् पिढ्यांची रोजी त्या मेंढ्यांवर होती ती माणसं दुखावली. जमीन कायदेशीर व्यवहाराने घेतली होती, तरी शेजाऱ्याला विचारलं का, हा प्रश्न उरलाच.

आपल्याकडे हा मार्ग कायद्यानेच अरुंद केलेला आहे. महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे आधीच शेतकरी असलेल्यालाच घेता येते, कमाल धारणेची मर्यादा आहे आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर कडक बंधनं आहेत. ती बंधनं योग्यच आहेत. कोकणात खासगी जंगल घ्यायला गेलात तर सातबाऱ्यावर इतकी नावं निघतात, आणि त्यातली निम्मी मुंबईत, की सह्या गोळा करण्यातच वर्षं जातात. शिवाय ट्रस्टच्या नावावर जमीन घेतली की ती विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

जमिनीचीच ओढ असेल तर खरेदीपेक्षा करार बरा. पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने उत्तर सह्याद्रीत, संगमेश्वर परिसरात, खासगी जंगलांच्या मालकांशी संवर्धन करार केले आहेत. मालकी मालकाकडेच राहते, जंगल तोडायचं नाही अशी हमी तो देतो आणि त्या बदल्यात त्याला मोबदला मिळतो. कुऱ्हाड चालवण्यामागे बहुतेकदा मुलीचं लग्न किंवा दवाखान्याचं बिल असतं. करार त्या गरजेला हात घालतो, खरेदीखत घालत नाही.

पुरस्कार देणं

याबद्दल थोडक्यात. सॅन फ्रान्सिस्कोच्या रिचर्ड आणि ऱ्होडा गोल्डमन यांनी सुरू केलेला पर्यावरण पुरस्कार १९९० पासून जगाच्या सहा भूभागांतल्या तळातल्या कार्यकर्त्यांना दिला जातो. १९९२ मध्ये आशियातून तो मेधा पाटकरांना मिळाला. हक्कांचं आणि पर्यावरणाचं काम एकाच माणसात दिसतं, हे या पुरस्काराने जगाला दाखवलं, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

तरीही नव्या कुटुंबाने पुरस्काराने सुरुवात करू नये असं माझं मत आहे. होंडुरासच्या लेंका या आदिवासी समाजातल्या बेर्ता कासेरेस यांना २०१५ मध्ये हा पुरस्कार मिळाला. आपल्या नदीवरच्या धरणाला त्यांचा विरोध होता. २ मार्च २०१६ च्या रात्री घरात घुसून त्यांचा खून झाला. मेक्सिकोचे इसिद्रो बाल्देनेग्रो २००५ चे मानकरी. तेही २०१७ च्या जानेवारीत गोळ्या घालून मारले गेले. जगभर झालेलं नाव काही वेळा ढालीसारखं उपयोगी पडतं, काही वेळा पडत नाही. शिवाय पुरस्कार एका व्यक्तीला मिळतो आणि काम गावाचं असतं. गावात बसून फायली सांभाळणारी बाई त्या मंचावर कधीच येत नाही.

सातत्याने अनुदान देणं

न्यूयॉर्कचं ओव्हरब्रुक फाउंडेशन हे या वाटेचं जुनं उदाहरण. फ्रँक आणि हेलन ऑल्टशूल या दांपत्याने ते १९४८ मध्ये स्थापन केलं आणि पुढच्या पिढ्यांनी चालवलं. मानवी हक्क आणि पर्यावरण ही त्याची दोन मुख्य क्षेत्रं. हक्कांचं काम मुख्यतः अमेरिकेत, तर जैवविविधतेचा भर लॅटिन अमेरिकेवर. इथे कुटुंब स्वतः काही चालवत नाही. जे काम करत आहेत त्यांना पैसा द्यायचा आणि त्यांच्या पाठीशी राहायचं, एवढंच.

दोन क्षेत्रांचे दोन विभाग ठेवणं न्यूयॉर्कमध्ये सोयीचं असेल. आपल्याकडे ते दोन विभाग गडचिरोलीला पोचेपर्यंत एक होतात. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गोंड गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली (जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा कायदा) सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये. हा मानवी हक्कांचा निकाल होता की पर्यावरणाचा? मिळालेला हक्क वापरून गाव जंगल राखतं, बांबू तोडण्याचे नियम सर्वसहमतीने ठरवतं.

आता वेळेचा हिशेब बघा. हक्क २००९ मध्ये मिळाला, पण गावाने बांबू विकायला काढला तेव्हा वन विभागाने वाहतूक परवाना दिला नाही. वाद चालला. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्याआधी ऐंशीच्या दशकापासून गावात अभ्यासगट चालत होते. गावचे नेते देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी एकत्र बसून कायदा समजून घेत होते. समजा, एखाद्या दात्याने २००९ मध्ये एका वर्षाचा प्रकल्प दिला असता. त्याच्या अहवालात ‘उद्दिष्ट साध्य’ असं लिहून फाइल बंद झाली असती, आणि गाव ऐन अडचणीच्या काळात एकटं पडलं असतं.

सामूहिक दाव्याच्या फायलीत काय काय लागतं ते एकदा जवळून बघावं. वनहक्क समिती नेमल्याचा ठराव, गणपूर्ती भरलेल्या ग्रामसभेचं इतिवृत्त, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, निस्तार पत्रक (गावाच्या जंगल वापराच्या जुन्या हक्कांची सरकारी नोंद) मिळालं तर त्याची प्रत, हद्दीवर चालत जाऊन केलेला नकाशा, शेजारच्या गावाची हरकत नसल्याचा कागद. मग ती फाइल उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे. त्रुटी निघाली की परत. यात खर्च होतो तो एसटीच्या तिकिटांवर, झेरॉक्सवर, बुडालेल्या मजुरीवर, आणि कायदा येणाऱ्या एका कार्यकर्त्याच्या मानधनावर. फोटोत दाखवण्यासारखं यात काही नसतं, म्हणून दात्यांच्या अंदाजपत्रकात हे ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून सगळ्यात आधी कापलं जातं. कृपा करून ते कापू नका. काम तेच आहे.

म्हणून या तिन्हींत माझा कौल अनुदानाला, तेही किमान पाच वर्षांच्या आणि कशावर खर्च करायचं याची सक्ती नसलेल्या अनुदानाला. त्यातला थोडा भाग वेगळा काढून ठेवा: कार्यकर्त्यावर खटला पडला, जामिनासाठी वकील हवा, काही दिवस गाव सोडून राहावं लागलं, अशा वेळी दोन दिवसांत देता येईल असा. बेर्ता कासेरेस यांची गोष्ट आठवली की हा भाग किती महत्त्वाचा आहे हे वेगळं सांगायला नको.

स्वतःचा ट्रस्ट काढायचा का?

आईबाबांच्या नावाची पाटी सगळ्यांनाच हवी असते, आणि ते समजण्यासारखं आहे. पण त्या पाटीमागे काय येतं तेही बघा. महाराष्ट्रात ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, दरवर्षी लेखापरीक्षण. कलम ८ ची (नफा न वाटणारी) कंपनी काढली तर कारभार जास्त शिस्तीचा होतो, कागदही वाढतात. आयकरात सूट हवी तर वेगळी नोंदणी, ठरावीक मुदतीने तिचं नूतनीकरण, आणि त्या वर्षीच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच कामावर खर्च करण्याची अट. अनुदान देणाऱ्या ट्रस्टने हे खास लक्षात घ्यावं: दुसऱ्या ट्रस्टला दिलेल्या रकमेतली ८५ टक्केच आता ‘खर्च’ म्हणून धरली जाते, आणि त्यांच्या कायम निधीत (मूळ रक्कम राखून ठेवायच्या निधीत) दिलेली तर मुळीच नाही. सीएशी बसाल तेव्हा हा मुद्दा आधी काढा.

सीए, लेखापरीक्षक आणि गावोगावी फिरणारा एक पूर्णवेळ माणूस यांचा खर्च तुमच्या वर्षाच्या देणगीचा मोठा घास घेणार असेल, तर ट्रस्ट काढू नका. तीन-चार चांगल्या संस्था निवडा आणि थेट द्या. ८० जीची (देणगीवरची) करसवलत मिळेल, पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच.

परदेशातल्या मराठी घरांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण इथे चांगल्या हेतूची माणसंही अडकतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेलं दान विदेशी योगदान धरलं जात नाही; विदेशी योगदान घ्यायला संस्थेकडे एफसीआरए या कायद्याखालची नोंदणी लागते. पासपोर्ट अमेरिकेचा झाला की, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, ते विदेशी ठरतं. म्हणजे भाऊ पुण्यात आणि बहीण न्यू जर्सीत असेल, तर दोघांचा पैसा एका खात्यात टाकण्याआधी बहिणीचा पासपोर्ट बघा. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा घेणारी संस्था तो पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आली आहे. पूर्वी पुण्यातली मोठी संस्था गडचिरोलीतल्या छोट्या गटाला पैसा पोचवायची, ती वाट बंद झाली. त्यामुळे बहिणीचा पैसा एफसीआरए नोंदणी असलेल्या आणि जमिनीवर स्वतः काम करणाऱ्या संस्थेला जावा. भावाचा पैसा त्या छोट्या, एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थांसाठी राखावा. भारतातच राहणाऱ्या कुटुंबांचं दान या घडीला इतकं मोलाचं आहे ते यामुळेच.

आणखी एक निर्णय सुरुवातीलाच घ्यायचा असतो: पैसा कायम राखायचा की ठरावीक वर्षांत संपवायचा. अमेरिकेत खासगी फाउंडेशनला दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के वाटावेच लागतात, आणि बरीच घराणी तेवढंच वाटून मूळ रक्कम पिढ्यान् पिढ्या चालवतात. गोल्डमन कुटुंबाने उलटं केलं. २०१० मध्ये रिचर्ड गेले आणि २०१२ मध्ये त्यांचा निधी वाटून बंद करण्यात आला. पुरस्कार तेवढा स्वतंत्रपणे चालू राहिला. शाळा किंवा रुग्णालय असतं तर मी कायम निधीच सुचवला असता. वनहक्काचे दावे मात्र आत्ता पडून आहेत, जबाब द्यायला हवेत ती म्हातारी माणसं आत्ता हयात आहेत, आणि खाणींचे प्रस्तावही आत्ताच येत आहेत. या कामासाठी पंधरा-वीस वर्षांत संपवायचा निधीच मी निवडेन, आणि मुलांनाही ते पहिल्याच बैठकीत सांगेन.