बदामीचा कातळ, सह्याद्रीचा कडा की स्पितीचा बर्फ? सोलापूरच्या आरोहकांसाठी

दिवाळीला दोर काढायचा, होळीला गुंडाळायचा, एवढ्यात आपला चढाईचा हंगाम सांगून व्हायचा. आता तो हिशेब जुळत नाही. 2020 साली पाऊस संपला असं वाटत असताना ऑक्टोबरच्या मध्यावर सोलापूर जिल्ह्यात पूर आला. 2023 च्या फेब्रुवारीत देशाचं सरासरी कमाल तापमान 1901 पासूनच्या नोंदींत सर्वाधिक होतं. हंगाम दोन्ही टोकांनी आखूड होतोय. म्हणून जागा ठरवताना कॅलेंडरपेक्षा मागच्या आठवड्याचं हवामान आधी बघा.

तीन दिवस हाताशी असतील तर बदामी. होटगी, विजापूर, बागलकोट, बदामी अशी एकाच लाईनवर रेल्वे आहे, आणि सोलापूरकराला ही सोय कुणालाही हेवा वाटावा अशी आहे. इथला लाल वालुकाश्म हाताला खरखरीत लागतो, होल्ड (हातापायाला मिळणारी पकड) ठळक आहेत आणि बोल्ट मारलेले, म्हणजे खडकात कायमचे खिळे बसवलेले मार्ग भरपूर. 60 मीटरचा दोर आणि 14 क्विकड्रॉ (बोल्टला दोर जोडणाऱ्या दुहेरी कड्या) बहुतेक मार्गांना पुरतात. चढणाऱ्याला उतरवताना दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ हवीच; मार्ग अंदाजापेक्षा लांब निघाला तर टोक बिलेच्या, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याच्या उपकरणातून सटकतं. लेणी आणि मंदिरं संरक्षित आहेत, त्यांच्या आसपासच्या भिंतींना हात लावू नका. चढताना खाण्याची पिशवी खाली उघडी ठेवू नका, माकडं उचलून नेतात.

बदामीचा शत्रू अवकाळी पाऊस. वालुकाश्म पाणी पितो, कणांना धरून ठेवणारा बंध ओलाव्याने ढिला पडतो आणि काल पक्का असलेला होल्ड आज हातात येतो. वरची साल दोन तासांत कोरडी दिसते, तिथेच माणूस फसतो. भिंतीच्या पायथ्याची माती बोटाने चार इंच उकरा. आत ओल लागली तर चढू नका. जोराच्या सरीनंतर दोन ते तीन दिवस थांबावं. डिसेंबर-जानेवारीत दिवसभर चढता येतं. फेब्रुवारी अर्धा सरला की पहाटे सुरू करून दहाला सावलीतल्या भिंतीकडे वळा, नाहीतर घामाने बोटं निसटतात आणि हाताला लावायची चॉकची पूडही कामाला येत नाही.

सह्याद्रीसाठी शनिवार-रविवारला एक रजा जोडली तरी भागतं: रात्रीच्या गाडीने पुणे-लोणावळा, मग ड्यूक्स नोज किंवा तैलबैलाचा कडा. पण नवख्याने एकट्याच्या हिमतीवर इथे सुरुवात करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. बेसाल्ट लाव्ह्याच्या थरांनी बनलाय: एक थर घट्ट, त्यावरचा भुसभुशीत, मधल्या टप्प्यांवर गवत आणि घसारा. पावसाळा लांबला की हे गवत नोव्हेंबरातही ओलं राहतं, आणि पायाखालचा दगड सुटतो तो बिले देणाऱ्याच्या डोक्यावर. हेल्मेट खाली उभं राहणाऱ्यालाही हवं. खडकाच्या फटीत ठोकलेल्या जुन्या मेखांवर वजन टाकण्याआधी हातोडीने ठोका: खणखणीत वाजली तर धरून आहे, बद्द वाजली तर सोडून द्या. आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा. मार्ग त्याच्या जवळून जात असेल तर मार्गच बदला. कोकणकड्यासारखा पश्चिमेकडे तोंड असलेला कडा दुपारपर्यंत सावलीत असतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर तोच बरा. दर माणशी चार लिटर पाणी लागतंच.

हिमाचलातल्या स्पितीचा बर्फ, म्हणजे गोठलेल्या धबधब्यांवरची चढाई, हा वेगळाच प्रकार आहे. तिथलं मुख्य गाव काझा सुमारे 3,700 मीटरवर. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते, त्यामुळे शिमला-किन्नौरमार्गेच जायचं आणि रेकाँग पिओ, ताबो असे मुक्काम करत शरीराला उंचीची सवय करायची. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला 500 मीटरहून जास्त वाढवू नये. सहा दिवस चढायचं तर सोलापूरहून 16 दिवसांची रजा धरा.

गोठलेला धबधबा उणे 5 ते उणे 10 अंशांत सर्वांत चांगला. उणे 20 च्या खाली तो ठिसूळ होतो, आइस अ‍ॅक्स मारली की ताटाएवढ्या चकत्या सुटतात. शून्याच्या वर आधारासाठी पिळून बसवलेल्या स्क्रूभोवतीचा बर्फ उन्हाने वितळून स्क्रू ढिला होतो. ठोकल्यावर भरीव 'थप' ऐकू आलं तर बर्फ खडकाला धरून आहे. ढोलासारखा आवाज आला तर मागे पोकळी किंवा वाहतं पाणी.

इथे हवामानबदलाचा फटका सर्वांत जास्त. 2024 चा जानेवारी हिमाचलात जवळपास कोरडा गेला आणि हिमवृष्टी झाली ती महिनाअखेरीस. बर्फ असा उशिरा आला की चढाईच्या दिवसांतच ताजा थर घळींवर साठतो आणि तो कोसळू शकतो. मोठ्या हिमवृष्टीनंतर किमान 48 तास अशा घळींच्या खाली जाऊ नका. आल्प्समध्येही हेच दिसतं: माँ ब्लांच्या 95 नामांकित मार्गांच्या अभ्यासात 93 मार्गांवर बदलत्या हवामानाचा परिणाम आढळला आणि तीन मार्ग उरलेलेच नव्हते.

पहिल्यांदा निघताय आणि रजा मोजकी आहे? डिसेंबरात बदामी, बिनधास्त. दोन हंगाम लीड केलंय (दोर घेऊन पुढे चढलाय), मेखा-बोल्ट ओळखता येतात, सोबत जाणतं कुणी आहे, तर जानेवारीत सह्याद्री. स्पितीला उत्तरकाशी किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेतला बेसिक कोर्स झाल्यावरच जा, आणि परतीचं तिकीट असं काढा की रस्ता बंद झाला तर चार दिवस पुढे ढकलता येईल. ती चार दिवसांची मोकळीक नसेल तर यंदा बदामीच.