मेंदूचा एमआरआय मोजायचा कसा: डोळ्यांनी, हाताने की एआयने?

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) किंवा एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्यात मेंदूतल्या नसांचं आवरण खराब होतं) पेशंटचे स्कॅन मोजायला, म्हणजे मेंदूचे भाग किती आक्रसले, डाग किती वाढले हे बघायला, एआय घ्यावं का, असं विचारलं की मी आधी विचारतो, मोजून पुढे काय ठरवायचंय?

हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीशी जोडलेला भाग) आक्रसलाय का एवढंच बघायचं असेल तर शेल्टन्स स्केल, म्हणजे डोळ्यांनी बघून 0 ते 4 स्कोर, अजूनही छान चालतो, पटकन होतो आणि वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. पण दोन रेडिओलॉजिस्टचे स्कोर कधी कधी जुळत नाहीत आणि वर्षभरातला बारीक बदल तर यात पकडताच येत नाही. हाताने एकेक स्लाइसवर कडा आखणं भरवशाचं आहे, पण रोजच्या कामात तेवढा वेळ कुणाकडे असतो.

ऑटोमॅटिकमध्ये जुनं नाव फ्रीसर्फर, फुकट आहे, रिसर्चवाले वर्षानुवर्षं वापरतायत, पण पूर्ण रन व्हायला कित्येक तास जातात आणि टी1 स्कॅन (एमआरआयचा एक प्रकार) चांगला लागतो. फास्टसर्फर डीप लर्निंगवालं, चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर मेंदूचे भाग साधारण मिनिटभरात वेगळे करून देतं. सिंथसेग जाड स्लाइसचे, वेगवेगळ्या कॉन्ट्रास्टचे (टी1, टी2 असे) स्कॅनही चालवून घेतं, त्यामुळे जुना साठलेला डेटा मोजायचा असेल तर मी तेच घेईन. फक्त ही सगळी रिसर्चची टूल्स आहेत, पेशंटच्या रिपोर्टमध्ये आकडा द्यायचा तर मंजुरी असलेलंच सॉफ्टवेअर हवं.

एमएसमध्ये मला एआयचा खरा फायदा नवीन लीजन (आजाराने पडलेले डाग) शोधण्यात वाटतो, दोन फ्लेअर स्कॅन (हे डाग ठळक दाखवणारा एमआरआयचा प्रकार) शेजारी ठेवून पन्नास ठिपके जुळवताना डोळा थकतो, मशीन थकत नाही. मेंदू किती आक्रसला याच्या आकड्यावर मात्र मी एवढा विसंबणार नाही. एमएसमध्ये वर्षाला साधारण 0.5 ते 1 टक्का घट होते, आणि शरीरात पाणी कमी असणं, स्टेरॉइड चालू असणं, स्कॅनर बदलणं यातल्या कशानेही आकडा तेवढा हलू शकतो.

तेव्हा विकत घेण्याआधी स्वतःच्याच मशीनवरचे वीस-तीस स्कॅन टाकून बघा, आणि नुसता रिपोर्ट वाचू नका, मास्क (सॉफ्टवेअरने आखलेला भाग) उघडून कडा बरोबर पडल्यात का ते बघा, पेशंट हलल्यामुळे खराब झालेल्या स्कॅनवरही सॉफ्टवेअर बिनधास्त आकडा देऊन टाकतं. व्हर्जन बदललं तर जुने स्कॅनही परत मोजा, नाहीतर मेंदू आहे तसाच आणि आकडा मात्र घसरलेला दिसेल, आणि त्यावरून कुणाचं तरी औषध बदललं जाईल.